मीठ लिहिलेला डबा

सोमवार, ३ तारीख

धाकटीस,

आशीर्वाद लिहीत नाही. बारा वर्षांत एकदाही पाठवले नाहीत, आज एकदम पाठवले तर तुला वाटेल थोरली मरायला टेकली. तशी काही टेकलेली नाही. पत्राचं कारण एवढंच की आज माझ्या ओट्यावर तुमच्या कारखान्याचं केकचं पाकीट येऊन बसलं आहे, आणि त्याबद्दल शिव्या घालाव्यात असं ओळखीचं दुसरं माणूस मला नाही.

पिवळंजर्द पाकीट. वर चित्रातली बाई दात काढून केक कापते आहे. तिने आयुष्यात अंडं फोडलं नसेल, नखं बघ तिची. खाली लिहिलंय, ‘फक्त अंडी, तेल आणि पाणी घाला.’ फक्त! म्हणजे बाकी सगळं तुम्ही आधीच करून ठेवलंत, आम्ही आपलं ढवळायचं. पाकीट फोडलं आणि पावडर चिमटीत घेतली तर अंगाला लावायच्या पावडरीसारखी गुळगुळीत. मैदा असा लागत नाही. मैदा मुठीत दाबला की घटकाभर मुठीचा आकार धरतो, तुलाही बाबांनी शिकवलं होतं, विसरली असशील. आणि वास तर विचारू नकोस. ज्याने व्हॅनिला कधी हुंगलेला नाही अशा माणसाने नुसत्या अंदाजाने काढलेला वास. मला अक्षरशः ओकारी आली. तू वीस वर्षं हे चाखायची नोकरी केलीस. दिवसाला किती चमचे चाखायचीस गं? शी!

आता विचारशील, इतकी शिसारी येते तर आणलं कशाला. मी नाही आणलं, माझ्या लेकाने आणलं.

बेकरी बंद झाली तेव्हा मी बाबांचा छोटा गॅसचा ओव्हन घरी आणला, नमुन्याचे केक भाजायचा तो. इतकी वर्षं तोच माझा सोबती आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याची कळ माझ्याकडून अर्धवट उघडी राहिली. सूनबाई कामावरून आली आणि दारातच किंचाळली. खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून जिन्यात नेलं. मी आतच होते, ओट्यापाशी भांडी पुसत. पुसता पुसता डोळा लागला होता. एवढंच झालं. पण त्या दिवसापासून लेकाने टुमणं लावलंय, “आई, आता हा ओव्हन घरात नको.” खानावळ चालवणाऱ्या कोणाला तरी त्याने शब्दही दिला आहे. तो माणूस शनिवारी, पंधरा तारखेला, उचलून नेणार.

नात रडली म्हणून थोडी सवलत मिळाली. नातीला आम्ही टिकली म्हणतो, नऊ वर्षांची आहे, तू पाहिलेली नाहीस. रविवारी आमच्या रस्त्यावर कार्निव्हल आहे, ढोल, सोंगं, मिरवणूक, आणि तिला घरात भाजलेला कार्निव्हलचा केक हवा आहे. लेक म्हणाला, ठीक, पण पाकिटातला, घड्याळ लावून, आणि ओव्हन पेटवणार मी. सगळं सुरळीत पार पडलं तर ओव्हनचं पुन्हा बघू. म्हणजे बाबांचा ओव्हन आता तुझ्या पाकिटाच्या भरवशावर आहे. हस पोट धरून.

तुझी थोरली

बुधवार, ५ तारीख

धाकटीस,

उत्तराची वाट पाहत नव्हतेच.

टिकलीने केकचं चित्र काढून फळीवर चिकटवलं आहे. मधे भोक असलेला गोल केक, त्यावर पांढरं क्रीम, त्यावर रंगीत साखरेचे पट्टे, जांभळा, हिरवा, पिवळा. क्रीमही डब्यातलं, तयार. झाकण उघडलं आणि चमचा उभा केला तर उभाच राहिला. दाढीचा फेस तरी थोड्या वेळाने बसतो, हे बसतच नाही! सूनबाई म्हणाली, “आई, किती सोपं आहे बघा ना, तासाभरात सगळं.” मी म्हटलं, “सोपंच आहे, ओकायलाही फार वेळ लागत नाही.” ती उठून गेली. बोलू नये ते बोलते मी, पण त्या मुलीने गेल्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात जो धिंगाणा घातलाय तो तुला सांगितला तर तूही चिडशील. सगळ्या फळ्या पुसल्या, डबे हलवले, नवीन कागद घातले. वर काहीतरी समजावून सांगत होती. मी तोंड फिरवून बसले होते.

कार्निव्हलची रीत अशी की केकमध्ये एक सोललेला बदाम लपवायचा. ज्याच्या तुकड्यात तो निघेल तो त्या दिवसाचा राजा, आणि राजाचा एक हुकूम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा. टिकलीने काल माझ्या कानात तिचा बेत सांगितला. बदाम हिरवा पट्टा संपतो तिथे खालून खुपसायचा, आणि तो तुकडा ती मलाच देणार. “मग तू हुकूम सोड आजी. ओव्हन हलणार नाही! बाबांना ऐकावंच लागेल.” लबाड आहे. कोणावर गेली आहे ते मी सांगत नाही.

तुला बाबांचे साखर-मिठाचे डबे आठवतात का? आपण दोघी भट्टीमागच्या खोलीत जाऊन मुठीमुठीने साखर खायचो, म्हणून बाबांनी गुपचूप अदलाबदल केली होती. साखर लिहिलेल्या डब्यात मीठ आणि मीठ लिहिलेल्या डब्यात साखर. तू अख्खी मूठ तोंडात कोंबलीस आणि नेमके बाबा दारात. तुझे डोळे भरून आले, गळा वरखाली झाला, पण तू सगळं गिळलंस. बाबांनी विचारलं, “कोण कोण होतं?” तू म्हणालीस, “मी एकटीच.” मी मैद्याच्या पोत्यामागे बसले होते. पाठीत दोन धपाटे तू एकटीने खाल्लेस.

ते डबे अजून माझ्याकडे आहेत. पन्नास वर्षं झाली, माझ्या घरात साखर ‘मीठ’ लिहिलेल्या डब्यातच राहते. हात आपोआप तिकडे जातो.

अशी धाकटी बहीण मोठी होऊन बापाच्या पंचाहत्तरीला पाकिटातला केक करून आणेल असं कोणाला वाटलं असतं! बेकरी शेवटच्या घटका मोजत होती, तुमच्याच पाकिटांमुळे, आणि तू तो केक माझ्या ताटात मांडून बाबांपुढे ठेवलास. त्यांना वाटलं मी केलाय. दोन तुकडे खाल्ले आणि मला म्हणाले, “आज हात बसलाय गं तुझा.” चाळीस वर्षांत जे मला कधी म्हणाले नाहीत ते तुझ्या पाकिटाला म्हणाले. मी तो केक सगळ्यांदेखत कचऱ्यात टाकला आणि तुला पाकीटवाली म्हटलं, पुन्हा दारात पाऊल ठेवू नकोस म्हटलं. तू ठेवलं नाहीस. हट्टी तर तू पहिल्यापासून.

त्याबद्दल मी माफी वगैरे मागायला पत्र लिहीत नाहीये, गैरसमज नको.

थोरली

शनिवार, ८ तारीख

धाकटीस,

दुपारी तुझं कार्ड आलं. बारा वर्षांनी बहीण बहिणीला लिहिते, आणि काय लिहिते? ‘पाकिटावर चाळीस मिनिटं लिहिलंय. पस्तीसच ठेव.’ ना कशी आहेस, ना गुडघे काय म्हणतात! सही सुद्धा नाही. मी कार्ड टराटरा फाडणार होते. मग म्हटलं राहू दे, मागची बाजू कोरी आहे, यादी लिहायला होईल.

पस्तीस मिनिटंच ठेवला.

लेकाने ओव्हन पेटवला आणि खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसला, आईच्या हातात बॉम्ब दिल्यासारखा. घड्याळ लावलं. तुझ्या पावडरीत मी अंडी, तेल, पाणी घातलं आणि ढवळलं. दोन मिनिटांत पीठ गुळगुळीत! असं पीठ करायला आपल्याला अर्धा तास लोणी फेटावं लागायचं, दंड भरून यायचे. मला तर त्या गुळगुळीतपणाचीच किळस आली. भांड्यात काही बिघडायला जागाच नाही. आणि जिथे बिघडायला जागा नाही तिथे माझं काय काम?

टिकली पुनःपुन्हा विचारत होती, “आजी, चाखून बघ ना.” मी म्हटलं, कच्चं पीठ चाखू नये. क्रीम लावताना म्हणाली, “आता तरी चाख.” मी म्हटलं, “डब्यातलं क्रीम मी तोंडात घालणार नाही, माझीही काही प्रतिष्ठा आहे.”

साखर मात्र मी रंगवली, ती सवलत मिळाली मला. तीन बरण्यांत घेतली, प्रत्येकीत रंगाचे थेंब घालून खळाखळा हलवली, ताटात पसरून वाळवली. बोटांना जरा जास्तच बारीक लागली. म्हटलं, हल्लीची साखर, तिचंही पीठ करून विकत असतील. पट्टे मात्र सरळ आले, कडेवर एक कण सांडला नाही. बाबांनी पाहिले असते तर काही बोलले नसते, म्हणजे पसंत पडले असते.

केक फुगला बरोबर, वरून समान. तुझ्या पस्तीस मिनिटांचं श्रेय तुला. टिकलीने बदाम खुपसला. लेक म्हणाला, “आई, उद्याचं पार पडलं ना, की मी त्या खानावळीवाल्याला फोन करतो.” माझा जीव भांड्यात पडला.

थोरली

रविवार, ९ तारीख

केक कापला, सगळ्यांनी खाल्ला. राजा मी झाले. बाहेर ढोल अजून चालू आहेत, डोकं उठलंय.

ओव्हन शनिवारी जातो आहे.

पाकिटाचा दोष नव्हता, हे मुद्दाम कळवते.

मंगळवार, ११ तारीख

धाकटे,

परवाची चिठ्ठी पोस्टात टाकली आणि घरी येऊन स्वतःचीच लाज वाटली. तुझ्यापासून लपवून काय मिळवायचंय मला? सांगते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणं व्हायचं नाही, तेव्हा एका दमात वाच.

रविवारी दुपारी टेबलाभोवती पाच जण होतो. लेक, सूनबाई, टिकली, मी आणि वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका, ज्यांनी टिकलीचा मोराचा पोशाख शिवला होता. ठरलं असं की सगळ्यांनी एकदम घास घ्यायचा, कारण बदाम कोणाला निघतो ते बघायचं. मला तर बदामापर्यंत पोचायचं होतं, म्हणून मी मोठा घास घेतला. चावला. गिळला. सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, “गोडच जास्त झालाय. पाकिटाचं हे असंच, साखर ओततात मेले.”

शिंपीकाकांचा एक गाल फुगलेला, घास ना आत जाईना ना बाहेर येईना, डोळे लालबुंद. तरी ते मान डोलावून “ऊं, ऊं, वा” करत होते. सूनबाईने तोंडावर पदर धरला होता आणि ती फळीवरच्या डब्यांकडे बघत होती. लेक माझ्याकडे बघत होता. मी पुन्हा म्हटलं, “काय झालं? गोडच आहे ना?”

तेव्हा टिकलीने आणखी एक घास घेतला, मी बघत असताना. चावला. डोळ्यांत पाणी आलं, गळा वरखाली झाला, आणि ती म्हणाली, “हो आजी. गोड आहे. मस्त झालाय.”

हा गळा मी आधी पाहिलेला होता, धाकटे, मैद्याच्या पोत्यामागून.

तेवढ्यात माझ्या दाताखाली बदाम आला. मी तो काढून टेबलावर ठेवला. टिकलीने कागदाचा मुकुट माझ्या डोक्यावर घातला आणि विचारलं, “हुकूम काय, महाराज?” पाठ केलेला हुकूम माझ्या ओठांवर होता. ओव्हन हलणार नाही. तीन शब्दांचं काम होतं गं, आणि लेकाने पाळला असता, त्याने टिकलीला वचन दिलं होतं. पण त्या पोरीला तिसरा घास घ्यायला लावणं मला जमलं नाही. मी म्हटलं, “राजाचा हुकूम आहे. खरं सांग. कसा झालाय?”

तिने आधी बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, “खारट आहे आजी. खूप खूप खारट.” आणि मोराच्या पिसाऱ्यासकट मोरीकडे पळाली.

सूनबाईने त्या आवराआवरीत डबे नीट केले होते. मीठ लिहिलेल्या डब्यात मीठ, साखर लिहिलेल्या डब्यात साखर, कोणत्याही शहाण्या घरात असतं तसं. मला सांगितलंही होतं. मी रुसून तोंड फिरवलं होतं तेव्हा ती हेच सांगत होती. गॅसच्या प्रसंगापासून स्वयंपाक तीच करते, म्हणून मधे माझा हात डब्यांकडे गेलाच नव्हता. शनिवारी मी सवयीने मीठ लिहिलेला डबा उघडला आणि तीन बरण्या मीठ रंगवलं.

पण चुका होतात. तू आणि मी काय कमी केक बिघडवले? गोष्ट ती नाही. मी मिठाचा घास चावून चावून खाल्ला आणि चार माणसांदेखत त्याला गोड म्हटलं.

गेल्या वर्षीच्या तापापासून मला वास येत नाही, चव कळत नाही. काही म्हणजे काहीच नाही. चहा म्हणजे गरम पाणी, भात म्हणजे मऊ काहीतरी. कोणाला सांगितलं नाही. मीठ चमच्याने मोजून घालायचे आणि पहिल्या घासाला लोकांची तोंडं बघायचे. त्यांची तोंडं वाचून मी वर्ष काढलं. पहिल्या पत्रात तुझ्या पाकिटाच्या वासाबद्दल एवढं लिहिलं ना मी, तो सगळा बनाव. मला कुठला वास! मीच अंदाजाने काढला. बेकरीवाल्याची थोरली मुलगी, आणि तोंडात लाकूड. हे कुणाला कसं सांगायचं होतं?

गॅस उघडा राहिला तेव्हाही माझा डोळा लागला नव्हता. मी टक्क जागी होते, भांडी पुसत होते. आणि टिकली शेजारच्या खोलीत गणितं सोडवत होती. हे मी तुला लिहिलं नव्हतं. सूनबाईला यायला आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं याचा विचार मी एकटी असले की करते, आणि मग मला माझ्या हातांची, या नाकाची, सगळ्याची किळस येते. पाकिटाच्या पावडरीला मी नावं ठेवत होते. पोरीचा जीव धोक्यात घालून बढाया मारणाऱ्या म्हातारीपुढे ती पावडर फार बरी.

हे सगळं मी रविवारी त्या टेबलावर सांगितलं, मुकुट डोक्यावर तसाच. शिंपीकाका घास गिळून निमूट घरी गेले. सूनबाई माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाटलं, आता बोलेल. तिने फक्त माझ्यापुढची ताटली सरकवली आणि म्हणाली, “आई, आता खाऊ नका.” मी बोलता बोलता तोच तुकडा खात होते, भान नव्हतं.

लेक रडला. म्हणाला, “आई, वर्षभर? एका शब्दाने सांगितलं नाहीस?” मग डोळे पुसून म्हणाला, आणि त्याचं बरोबर आहे, की ओव्हन घरात ठेवायचा तर तू पेटवशील तेव्हा शेजारी नाक असलेलं मोठं माणूस हवं. आम्ही दोघं दिवसभर कामावर. टिकलीवर ही जबाबदारी टाकणार नाही. मग कोण आहे?

मला एक माणूस माहीत आहे. आता निवृत्त आहे, एकटं राहतं, हट्टी आहे, आणि वीस वर्षं नाकातोंडाच्या जोरावर भाकरी मिळवली आहे.

आणखी एक राहिलं. पंचाहत्तरीचा तुझा केक मी कचऱ्यात टाकला, त्याआधी स्वयंपाकघरात जाऊन कोपरा तोडून खाल्ला होता. चांगला होता. त्यात तू संत्र्याची साल किसून घातली होतीस, आई घालायची तशी. पाकीट होतं, पण हात आपल्या घरचा होता. बाबांना तोच लागला असणार. ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणूनच मी तो टाकला.

सोबतच्या डब्यात केकचा तुकडा आहे, हिरव्या पट्ट्याचा. चाख. थुंकशील हे माहीत आहे, थुंकच, पण मग नीट कळव की मीठ सोडलं तर खालचा केक कसा झाला होता. मला घरातलं कोणी खरं सांगत नाही, सगळे प्रेमाने बोलायला लागलेत, नुसता वैताग आहे.

बदामही पाठवते आहे. दाताखाली आला होता, पण धुतला आहे. माझा हुकूम मी खर्च केला. आता तो तुझ्याकडे आहे, तेव्हा हुकूम तुझा. शुक्रवारपर्यंत तू आली नाहीस तर शनिवारी माणसं येऊन बाबांचा ओव्हन उचलतील आणि मी आडवी येणार नाही.

आलीस तर दारात थांबू नकोस, सरळ आत ये. साखर आता साखर लिहिलेल्या डब्यात आहे.

ताई